पंगतीतून हात न टेकता उठता येतं का? (पन्नाशीतला आहार-व्यायाम)

तळजाईकर

वय ५१, उंची पाच फूट आठ इंच, वजन ६८ किलो. दारू नाही, तंबाखू नाही. गेली नऊ वर्षं रोज सकाळी पुण्यातल्या तळजाई टेकडीला सहा किलोमीटर चालतो, पावसाळ्यातसुद्धा. त्यामुळे 'आपण फिट आहोत' या विषयावर माझ्या मनात काही शंका नव्हती.

मे महिन्यात गावी मुंज होती. साताऱ्याकडे आमच्याकडे अजून जमिनीवर पंगत बसते. जिलब्या पोटभर झाल्या, वाढपी ताक घेऊन गेले आणि मंडळी उठायला लागली. मी उठायला गेलो तर उठवेना. आधी डावा हात टेकला, मग उजवा गुडघा, तरी जमेना म्हणून शेवटी शेजारी बसलेल्या मेव्हण्याचा खांदा धरला. तो बिचारा स्वतःच अर्धा उठलेला, दोघंही पत्रावळीवर जायचे वाचलो. समोर माझी ७८ वर्षांची आत्या बसली होती. तिनं पदर खोचला, पुढे झुकली आणि सरळ उभी राहिली. हात कुठंही लावला नाही. वर मला विचारते, "काय रे, कंबर धरली का?"

कंबर धरली नव्हती. मांड्यांत जोरच नव्हता.

पुण्याला आल्यावर तपासण्या केल्या. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून घरात. डॉक्टरांनी टेप काढून बेंबीपाशी घेर मोजला, ९४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना ९० च्या आत हवा, बायकांना ८० च्या. मी म्हटलं, अहो पण पँटचा नंबर पंधरा वर्षं ३४ च आहे. ते हसले. पँट मी पोटाच्या खाली बांधतो, ती कशाला वाढेल!

बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.८, म्हणजे आपल्यासाठीच्या २३ च्या कडक रेषेतसुद्धा पास. तरी ही अवस्था. मग घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा आपल्या पुण्याच्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम सापडलं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर बारीक, आतून चरबीदार. मी ते वाचताना नकळत पोट आत घेतलं.

दुसरं म्हणजे आठवडाभर वहीत खाणं लिहिलं. सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या-भाजी-आमटी, संध्याकाळी चहा, रात्री दोन पोळ्या, आमटी-भात, वाटीभर दही. प्रथिनांची बेरीज रोज ४० ते ४५ ग्रॅमच्या पुढे जाईना. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबानं किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे मला ५६ हवीत. आमच्या आमटीचा दोष आहे असं बायकोला म्हणायची हिंमत नाही, पण त्यात डाळ पोहायला सोडलेली असते एवढं खरं.

वजन कमी कसं करायचं यावर इथे शेकड्यानं लिहून झालंय. मला ते नकोय. चाळिशी-पन्नाशीनंतर जोर कुणी कमावला का, कसा, आणि खाण्यात काय बदललं, ते सांगा.

---

मालवणी_खाजा

बांगडो खावा. विषय संपलो.

---

तळजाईकर

@मालवणी_खाजा, अंड्यापर्यंत आलोय, त्याच्या पुढे घरात परवानगी नाही. :)

---

दोन_वेळा

माझं वय ४८. दीक्षित सरांच्या पद्धतीनं दिवसातून दोनदाच जेवतो, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालतो. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. १४ महिन्यांत ८९ वरून ७७ वर आलो, एचबीए१सी ६.४ वरून ५.६. पैसे शून्य, पावडरी शून्य. तुमचा प्रश्न इतका अवघड नाही, मधलं खाणं बंद करा.

---

फिजिओ_ताई

@दोन_वेळा, अभिनंदन, मनापासून. बारा किलो ही थट्टा नाही. पण धागाकर्त्याचं वजन मुळात ६८ आहे, त्यांना कमी करायला फार काही नाही. वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि नुसतं चालून खाणं कमी केलं की ते प्रमाण वाढतं. तुम्ही हात न टेकता जमिनीवरून उठून बघा आणि इथे सांगा.

दोन वेळाच जेवायचं तर त्या दोन ताटांत दिवसभराची प्रथिनं बसवावी लागतात. माझ्याकडे येणारे बरेच जण दोन वेळा भात-पोळीच खातात.

आणि एक महत्त्वाचं. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल त्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवणं कमी करू नका. साखर एकदम खाली जाते. हे मी क्लिनिकमध्ये घाम फुटलेला माणूस समोर बसलेला असताना पाहिलंय.

---

दोन_वेळा

उठून बघितलं. एक हात आणि एक गुडघा. सोफ्यावरून मुलगा हसतोय.

---

जुनी_वही

या उठण्यावर खरोखरचा अभ्यास आहे. ब्राझीलच्या डॉ. आराउजो यांनी २०१२ साली छापला. ५१ ते ८० वयाची २००२ माणसं घेतली. जमिनीवर बसायला ५ गुण, उठायला ५. हात, कोपर, गुडघा, काहीही टेकलं की एक गुण गेला, तोल गेला तर अर्धा. नंतरच्या सुमारे सहा वर्षांत ज्यांना ० ते ३ गुण होते त्यांच्यात मृत्यू ८ ते १० वाल्यांपेक्षा कितीतरी जास्त.

तळजाईकर, तुमचा हात, गुडघा आणि मेव्हणा मिळून उठण्याचे ५ पैकी २.

---

शंकेखोर

आणि ज्याचा गुडघा संधिवातानं गेलाय तो काय उद्या मरणार? असे आकडे टाकून लोकांना घाबरवू नका. जो आधीच आजारी असतो त्याला उठता येत नाही, उठता येत नाही म्हणून तो मरत नाही.

आणि त्या आत्याबाईंचं कौतुक पुरे. आमच्या आजीनं जन्मभर जात्यावर दळलं, विहिरीवरून दोन दोन हंडे आणले. पासष्टीत ती काटकोनात वाकलेली होती. शेवटी घरातल्यांचं उरलेलं खायची, दूध तर तिच्या वाट्याला कधी आलंच नाही. कष्ट होते, खाणं नव्हतं. तेव्हा 'पूर्वीचे लोक' हा राग इथे आळवू नये.

---

फिजिओ_ताई

@शंकेखोर, दोन्ही मुद्दे बरोबर. ती परीक्षा भविष्य सांगत नाही, आज पाय, कंबर आणि तोल कुठे आहेत तेवढं दाखवते. गुडघेदुखीवाल्यांनी ती करू नये. त्यांच्यासाठी खुर्ची आहे. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता ते मोजा. साठी ते चौसष्टच्या पुरुषांना १४ च्या खाली आणि बायकांना १२ च्या खाली म्हणजे सरासरीपेक्षा कमी. पन्नाशीवाल्यांनी स्वतःच समजून घ्यावं. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, प्लॅस्टिकची घेऊ नका.

आजीचा मुद्दा तर लाखमोलाचा. स्नायूला काम आणि खुराक दोन्ही लागतं.

---

तळजाईकर

खुर्ची: ११.

(शेवटच्या दोन वेळा बायको 'अहो राहू द्या' म्हणत होती.)

---

ठाणे_मेनोपॉज_क्लब

आयडी गमतीत घेतला होता, आता तोच चिकटलाय.

वय ४९. पाळी जाऊन दीड वर्ष. मागच्या वर्षी हाडांची डेक्सा तपासणी केली, टी-स्कोअर उणे १.८. उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाडं विरळ होऊ लागली, उणे २.५ आणि त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या कॅल्शियम, ड जीवनसत्त्व घ्याच, पण वजनं उचला. मी म्हटलं मी रोज योगा करते. त्या म्हणाल्या, करा, आणि वजनं पण उचला.

जिमला गेले. तिथला पोरगा 'आंटी, आप ट्रेडमिल पे चलो' याच्या पुढे जाईना. तीन दिवस चालले. मग त्याला म्हटलं, चालायचं तर मला मासुंदा तलावाला फुकट चालता येतं, ते वजन उचलायचं शिकव. पहिल्या दिवशी चार किलोचं डंबेल छातीशी धरून बैठक काढली. दुसऱ्या दिवशी संडासात बसता येईना, खोटं कशाला सांगू. आज १४ महिने झाले, १६ किलो धरून दहाच्या तीन खेपा काढते. डेक्सा अजून परत केलेली नाही, तेव्हा हाडांबद्दल काही बोलणार नाही. पण गॅसचा भरलेला सिलिंडर आता मी कुणाची वाट न बघता सरकवते.

सासूबाईंचं म्हणणं, 'बाईच्या जातीला कशाला पैलवानकी'. त्यांनाही आता भिंतीला धरून टाचा उचलायला लावलंय. मालिका बघताना करतात.

---

सहा_बावीसची_लोकल

सगळं छान आहे हो, पण वेळ कुठून आणायचा? मी ४६. पहाटे साडेचारला उठते, दोन डबे, ६.२२ ची गाडी, घरी यायला साडेसात. जिमवाल्यांचे धागे वाचले की मला आधी राग येतो, मग अपराधी वाटतं.

तर माझी पद्धत सांगते, हसू नका. कुकर लावला की तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला हात टेकून उठबशा काढते. पहिल्या शिट्टीला वेळ लागतो, तोवर पंधरा होतात. दुसऱ्या शिट्टीपर्यंत ओट्यावर तिरकं होऊन जोर. तिसऱ्यापर्यंत पाच लिटरचा तेलाचा डबा दोन्ही हातांनी डोक्यावर नेऊन खाली. डबा संपत आला की व्यायाम हलका होतो, महिन्याच्या एक तारखेला परत जड. सकाळी एकदा, रात्री एकदा. स्टेशनला पूल चढते, सरकता जिना घेत नाही. सहा महिने झाले. आधी गाडीत उभं राहून पाय भरून यायचे, आता कुर्ल्यापर्यंत जागा नाही मिळाली तरी चालतं.

---

फिजिओ_ताई

@सहा_बावीसची_लोकल, हसणार कशाला, मी हे माझ्या पेशंटना सांगणार आहे. तेलाच्या डब्याचं तेवढं बघा: व्यायामात हळूहळू वजन वाढायला हवं, तुमचं महिनाभर उतरतं! रिकाम्या डब्यात पाणी भरून वेगळा ठेवा. एका खेपेत बारा सहज व्हायला लागले की थोडं वजन वाढवायचं. उचलताना श्वास कोंडायचा नाही, रक्तदाबवाल्यांनी तर मुळीच नाही.

जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला १५० मिनिटं जलद चालण्यासारख्या व्यायामाबरोबर किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ आहे, दुसरं कुणी वाचतच नाही.

---

रोजची_दहा_हजार

म्हणजे आमची घड्याळातली दहा हजार पावलं पाण्यात?

---

जुनी_वही

पाण्यात नाही. पण तो आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मानपो-केई', दहा हजार पावलांचा मापक. तिथून तो जगभर गेला. २०१९ साली अमेरिकेत वयस्क बायकांवर झालेल्या अभ्यासात ४४०० पावलांपासूनच फायदा दिसला आणि साडेसात हजारांच्या आसपास तो पुढे वाढेनासा झाला. उरलेल्या अडीच हजारांच्या वेळात बैठका काढा.

---

रथसप्तमी_पीडित

माझी चूक सांगतो, म्हणजे कुणीतरी वाचेल. वय ५३. शाळेत सूर्यनमस्कारांत बक्षीस होतं, त्या जोरावर सोसायटीत रथसप्तमीला १०८ घालायचं कबूल करून बसलो. सराव आठ दिवस. ७२ व्या नमस्काराला उजव्या खांद्यात काहीतरी 'कट्' झालं. बघणारे होते म्हणून थांबलो नाही, ९० पर्यंत रेटलं. पुढचे पाच महिने शर्टाची बाही घालायला बायको लागायची. मग खांदा आखडला. डॉक्टरांनी साखर तपासली, ती पण वाढलेली निघाली. मधुमेह असला की खांदा आखडायचं प्रमाण जास्त असतं म्हणे, त्यामुळे किती दोष सूर्याचा आणि किती साखरेचा कोण जाणे.

आता रोज १२ घालतो, सावकाश. शाळेतलं बक्षीस माळ्यावर टाकलंय.

---

तळजाईकर

@रथसप्तमी_पीडित, 'बघणारे होते म्हणून थांबलो नाही' हे वाचून सिंहगडावर पोरांच्या मागे धावलेला मी आठवलो.

खाण्याचं कुणी बोला ना.

---

पिठलं_भाकरी

बोलते. मी पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. वय ५५. बाहेरून काही आणू नका, स्वयंपाकघर तेच ठेवून प्रमाण बदला. पोह्यांच्या जागी आठवड्यातून तीन दिवस मुगाचं धिरडं. मोड आलेल्या मटकीची उसळ भाजी म्हणून वाटीभर, चमचाभर तोंडी लावायला नाही. रात्री पिठलं: माणशी ५० ग्रॅम बेसन घेतलं तर ११ ग्रॅम प्रथिनं तिथेच मिळतात. चार वाजता बिस्किटाऐवजी मूठभर फुटाणे, सहाएक ग्रॅम. सोयाचे तुकडे कोरडे ३० ग्रॅम म्हणजे १५ ग्रॅम, पण आमच्याकडे त्यांना 'स्पंज' म्हणतात आणि ताटात कडेला लावून ठेवतात. शेंगदाण्यात प्रथिनं भरपूर, पण जवळजवळ अर्धं तेल, तेव्हा कूट मोजून.

उपवासाचं सांगू का? साबुदाणा म्हणजे नुसता पिष्टमय पदार्थ, प्रथिनं नावालासुद्धा नाहीत. एकादशीला पोटाला विश्रांती म्हणून आपण तूप-दाण्याचा कूट घालून खिचडी, वर बटाट्याचा कीस, वर वेफर. विठोबा बिचारा विटेवर उभा राहून बघतोय. माझ्याकडे आता राजगिऱ्याची भाकरी आणि दही असतं.

आणि बी१२ तपासून घ्या. शाकाहारी माणसात कमी असतंच बहुधा, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर आणखी. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत, माझ्या दिरांना मनाई आहे.

---

श्टुटगार्टकर

आमच्याकडे हिवाळ्यात चारलाच अंधार. पहिली दहा वर्षं मी नोव्हेंबर ते मार्च फक्त खाल्लं. मग शेजारच्या ६९ वर्षांच्या आजीबाईंनी हाताला धरून गावच्या 'फेराइन'मध्ये नेलं. इथे प्रत्येक खेड्यात असा क्रीडा-संघ असतो, वर्गणी किरकोळ, शाळेचा हॉल संध्याकाळी त्यांना मिळतो. बुधवारी 'पाठीचा तास'. पंधरा आजी-आजोबा आणि मी, वय ४७. पहिल्या दिवशी सगळ्यात आधी मी दमलो. त्यांना माझी दया आली, मला सगळ्यात जाड गादी दिली.

खाण्यात इथलं क्वार्क मला फार सोयीचं पडलं. चक्क्याचा भाऊ समजा, आंबटसर, पावभरात तीसएक ग्रॅम प्रथिनं. साखर घालून श्रीखंड करायचा मोह होतो. केलंही आहे.

---

ठाणे_मेनोपॉज_क्लब

म्हणजे परदेशात आजी वजनं उचलतात आणि आमच्याकडे 'आंटी, ट्रेडमिल'.

---

दोन_वेळा

तीन आठवड्यांनी आलोय. दोन वेळाच जेवतोय, ते सोडणार नाही. पण आता जेवणाची सुरुवात उसळ आणि दह्यानं करतो, पोळी शेवटी. खुर्ची १२ वरून १६. जमिनीवरून उठताना आता फक्त हात. मुलाला करायला लावलं, वय १९, त्याचा गुडघा टेकला. आता तो सोफ्यावरून हसत नाही.

---

तळजाईकर

उशीर झाला, पण कळवतो.

चालणं सहावरून चार किलोमीटरवर आणलं. मंगळवार-शुक्रवार पर्वतीच्या १०३ पायऱ्या, पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या चार बाटल्या. बाकी दोन दिवस घरी: खुर्चीवरून उठबस, ओट्यावर जोर, आणि मुलीनं आणून दिलेलं आठ किलोचं डंबेल. दुपारी आणि रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं गल्लीतच फेरी. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू, हे कळल्यापासून वामकुक्षी बंद केली. तिचं दुःख मात्र आहे. घरातली आमटी दाट झाली. ती मी करतो, म्हणून.

साडेतीन महिन्यांनी तपासलं: एचबीए१सी ५.८. घेर ९०.५. वजन ६९, एक किलो वाढलं. काट्याकडे बघून बायको म्हणाली, एवढं करून काय मिळवलं?

गौरी जेवणाला गावी गेलो होतो. तीच ओसरी, तीच पंगत. मेव्हण्यानं आधीच दुसऱ्या टोकाला जागा धरली होती. पुरणपोळ्या दोनच घेतल्या (कटाची आमटी तीन वाट्या, पण तिला मोजत नाहीत). उठायची वेळ आली तशी आत्या जेवायचं थांबवून माझ्याकडे बघत बसली. पाय जवळ घेतले, पुढे झुकलो, कुल्ले उचलले गेले, अर्ध्यावर तोल डावीकडे कलला आणि डाव्या हाताची बोटं जमिनीला लागली. फक्त बोटं. उभा राहिलो.

"लागला हात," आत्या म्हणाली.

---

जुनी_वही

बोटं म्हणजे हातच. एक वजा, तोल गेल्याचा अर्धा. उठण्याचे साडेतीन.

---

मालवणी_खाजा

बांगडो खाल्लो असतो तर पाच.